दाखल्यावर ‘जात : मुसलमान’, जनगणनेत काय सांगणार?

दरवर्षी जून-जुलैमध्ये शाळेच्या ऑफिससमोर रांग लागते. कुणाला टीसीची दुसरी प्रत हवी असते, कुणाला बोनाफाईड, कुणाला आजोबांच्या नावाचा दाखल-खारीज रजिस्टरमधला उतारा. या रांगेत आपल्या मोहल्ल्यातला एक तरी बाप असा निघतोच, जो खिडकीतून कागद हातात घेतो, वाचतो आणि तिथेच उभा राहतो. मागच्या वर्षीचा बाप मला विसरता येत नाही. गादी-रजई भरायचं छोटं दुकान. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं आणि त्यासाठी ओबीसीचं जात प्रमाणपत्र हवं होतं. कागदावर त्यांच्या वडिलांचं नाव बरोबर होतं, जन्मतारीख बरोबर होती. जातीच्या रकान्यात एकच शब्द होता : मुसलमान.

ते म्हणाले, “मॅडम, आमी पिंजारी आहोन हे साऱ्या गावाले मालूम आहे. मंग कागदालेच कसं मालूम नाई?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरातला कागदही असाच आहे. माझे दादा कापूस पिंजायचे. धुनकीच्या तारेचा तो टणटण आवाज माझ्या अब्बांनी लहानपणी रोज ऐकला. पण शाळेत नाव घालताना दादांनी ‘शेख’ सांगितलं आणि मास्तरांनी पुढे ‘मुसलमान’ लिहिलं. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. बीएडला मी खुल्या वर्गातून गेले, फी पूर्ण भरली. तेव्हा रागही आला नव्हता, कारण आपल्याला दुसरं काही मिळू शकतं हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

हे आत्ता लिहायचं कारण येणारी जनगणना. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जनगणनेत जातींची नोंद करायचा निर्णय घेतला. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली. घरयादीचा टप्पा २०२६ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर, आणि प्रत्यक्ष माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. आपल्या भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख. जातीचा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. सगळ्या समाजांच्या जातींची मोजणी होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे १९३१ मध्ये. म्हणजे आज हयात असलेल्या आपल्यातल्या जवळजवळ कुणालाही जनगणनेत हा प्रश्न विचारला गेलेला नाही. तो विचारला जाईल तेव्हा आपल्या घरात काय उत्तर निघेल, यावर मोहल्ल्यात दोन तट आतापासून दिसतात. एक म्हणतो, “इस्लाममध्ये जात नाही, मुसलमानच सांगा.” दुसरा म्हणतो, “मुलांचं नुकसान किती दिवस करायचं?” दोघेही प्रामाणिक आहेत. म्हणून जरा मुळात जाऊन पाहू, की माणसाची ही ओळख बनते कशी आणि बदलते कशी.

आपण कोण, हे ठरवतं कोण?

आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं की ओळख रक्तातून येते. आजोबा पठाण म्हणून आपण पठाण. समाजशास्त्राने या समजाला बराच धक्का दिला. गंमत म्हणजे हा धक्का देणारा पहिला मोठा विचारवंत आपल्याच परंपरेतला आहे. ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दिमा’मध्ये कबिल्याला एकत्र धरून ठेवणाऱ्या ताकदीला ‘असबिया’ म्हटलं. वंशाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की शिजरा ही मुख्यतः मानण्याची गोष्ट आहे. तिचा उपयोग एवढाच, की तिच्यामुळे माणसं एकमेकांसाठी धावून जातात. बाहेरून आलेला माणूस एखाद्या कबिल्यात पिढ्यानपिढ्या राहिला, लढला, तर तो त्याच वंशाचा गणला जातो आणि मूळ कुणाला आठवत नाही.

पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी जवळपास हीच गोष्ट सांगितली. त्यांच्या निधनानंतर १९२२ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात ते म्हणतात, की आपण एका मुळापासून आलो असा विश्वास असलेला समूह म्हणजे वांशिक समूह. ते मूळ खरोखर एक असो वा नसो. आणि कित्येकदा आधी लोक एकत्र येतात, मग समान पूर्वजाची गोष्ट तयार होते.

तिसरं नाव नॉर्वेचे फ्रेड्रिक बार्थ. त्यांनी स्वातच्या खोऱ्यात पठाणांमध्ये राहून अभ्यास केला. १९६९ मध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा आजही वर्गात शिकवला जातो : समूह कोणता पोशाख घालतो, काय खातो याच्यापेक्षा ‘आपले’ आणि ‘परके’ यांच्यातली रेघ कुठे ओढली जाते ते पाहा. पोशाख बदलतो, बोली बदलते, रेघ टिकते. आणि माणसं ती रेघ ओलांडतातही. दक्षिणेकडे गेलेला पठाण बलुच सरदाराच्या आश्रयाला राहिला, की काही काळाने तो बलुच म्हणवला जातो. त्याचं रक्त बदललेलं नसतं, त्याचं नातं कुणाशी आहे ते बदललेलं असतं.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या भंडाऱ्याकडे पाहा. शेजारचे पोवार बांधव सांगतात की त्यांचे पूर्वज माळव्यातल्या धारेहून आले. घरात पोवारी बोलतात, बाजारात झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. त्यांना एकत्र ठेवतात त्या गोष्टी तीन : ती आठवण, ती बोली आणि सोयरीक. इथे राहून शेती, देवधर्म, सण यांत कितीतरी गोष्टी मिसळल्या, पण पोवारपण गेलं नाही.

याहून मोठं उदाहरण देवगडच्या गोंड राजाचं. बख्त बुलंद शाह यांनी औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. १७०२ च्या सुमारास नागपूर वसवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. धर्म बदलला म्हणून ते गोंड राहिले नाहीत का? लोकांनी त्यांना गोंड राजाच म्हटलं, त्यांच्या वंशजांनाही आजवर गोंड राजेच म्हणतात. धर्म एक ओळख, जमात दुसरी. एकाच माणसात दोन्ही सुखाने नांदल्या.

आपल्या साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या किल्ल्याची गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. हा किल्ला देवगडच्या चाकरीतल्या राजखान नावाच्या पठाणाकडे होता. पुढे नागपूरकर रघुजी भोसल्यांनी देवगडचं राज्य घेतलं, तेव्हा राजखानाचा मुलगा महंमद खान जुन्या धन्याच्या बाजूने तीन वर्षं किल्ला लढवत राहिला. त्याचं इमान पाहून रघुजींनी त्याला किल्ल्याच्या बदल्यात सिवनीचा कारभार देऊ केला. गोंड राजासाठी लढणारा पठाण, आणि त्याची कदर करणारा मराठा सरदार! आजच्या चष्म्यातून ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशी रेघ ओढायला गेलं तर ही गोष्ट कळतच नाही, कारण त्या वेळची रेघ इमानाची होती.

नावं बदलली, कारण नावांना किंमत होती

आता आपल्या मोहल्ल्यात येऊ. उत्तरेकडचे जुलाहा, म्हणजे विणकर, १८५७ नंतर मऊ, मुबारकपूर, आझमगडकडून मोठ्या संख्येने निघाले आणि कामठी, मालेगाव, भिवंडीत स्थिरावले. जुलाहा या शब्दाला तिकडे हिणकस वास होता. त्यांनी आधी मोमीन आणि पुढे अन्सारी हे नाव घेतलं. मदिनेत हिजरत करून आलेल्यांना आधार देणारे ते अन्सार. कसाई समाजाने कुरेशी हे नाव घेतलं. न्हाव्याचं काम करणारे हजरत सलमान फारसींच्या नावाने सलमानी झाले, शिंपी इद्रिसी झाले. आणि आम्ही पिंजारी, नदाफ मन्सुरी झालो. मन्सूर अल-हल्लाज या सुफींच्या नावातच आमचा धंदा आहे. हल्लाज म्हणजे अरबीत कापूस पिंजणारा.

ही नावं घेणाऱ्यांनी लबाडी केली, असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धवट आहे. ज्या समाजात माणसाच्या हातातल्या कामावरून त्याला चटईच्या कोपऱ्यात बसवतात, तिथे तो नाव बदलून इज्जत मागतो. हिंदू समाजात खालच्या गणलेल्या जातींनी वरच्यांचे रीतिरिवाज उचलले, त्याला एम. एन. श्रीनिवास यांनी ‘संस्कृतीकरण’ म्हटलं. आपल्याकडे त्याचीच बहीण आहे : अशराफ व्हायची धडपड. सय्यद, शेख, मुघल, पठाण हे वरचे, कामकरी खालचे. उत्तरेत एक जुनी म्हण आहे. तिचा आशय असा, की गेल्या साली मी विणकर होतो, यंदा शेख झालो, धान्याला भाव मिळाला तर पुढच्या साली सय्यद होईन. ऐकून हसू येतं, पण या हसण्यात आपल्याच गरीब भावांची थट्टा आहे हेही लक्षात ठेवावं.

यात सरकारी कागदाचाही मोठा हात होता. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक उच्च-नीचतेनुसार यादी लावायचा घाट घातला. देशभरातून अर्जांचा पाऊस पडला : आम्हाला वर घ्या, आमचं नाव बदला. बर्नार्ड कोहन या अभ्यासकाने दाखवून दिलं की मोजणीमुळे लोक स्वतःकडेच ठोकळ्यासारखं पाहू लागले. पूर्वी जी ओळख गावापुरती आणि सैलसर होती, ती देशभर एकाच नावाने पक्की झाली. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथल्या १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रसेल यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यात पिंजाऱ्यांवर प्रकरण आहे, जुलाह्यांवर आहे, हलबांवर आहे, कोष्ट्यांवर आहे. आपले पणजोबा ज्यांना कधी भेटले नाहीत अशा दोन साहेबांनी त्यांची ओळख छापून ठेवली.

शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखं

नावाचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होतं, हे विदर्भात आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. हलबा ही अनुसूचित जमात. विणकाम करणारे हलबा-कोष्टी सांगत आले की आम्ही हलबाच, धंद्यामुळे कोष्टी म्हणवले गेलो. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ‘मिलिंद’ प्रकरणात निकाल दिला, की यादीत जे नाव आहे तेच वाचायचं, त्यात हलबा-कोष्टी येत नाहीत. हजारो नोकरदारांच्या डोक्यावर तेव्हापासून टांगती तलवार राहिली. पुढे २०१९ मध्ये राज्य सरकारने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर टाकलं.

गोवारी बांधवांचं दुःख तर सगळ्यांना ठाऊक आहे. यादीत ‘गोंड गोवारी’ असं नाव आहे. आम्हीच ते, ही मागणी घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दोन शब्दांच्या मधल्या जागेसाठी एवढे प्राण गेले. मराठा-कुणबी वादातही हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून २ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय काढावा लागला. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने काय लिहिलं, त्यावर आजच्या पोरांचं भवितव्य ठरतं आहे.

आणि एक समाज असाही आहे ज्याने आपली ओळख स्वतः ठरवून, उघडपणे बदलली. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. महाराष्ट्रात १९५१ च्या गणनेत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. २०११ मध्ये भंडारा जिल्ह्यात शंभरात बारा-तेरा माणसं बौद्ध होती, मुसलमान दोनच्या आसपास. या बदलाची किंमतही त्यांनी मोजली. अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना केंद्रात १९९० मध्ये मिळाल्या. म्हणजे जवळजवळ चौतीस वर्षं नवी ओळख आणि जुने हक्क यांत त्यांना ओढाताण सोसावी लागली. पण त्यांनी एक केलं : घराघरात, बैठकांमध्ये बसून बोलले, आणि मग सगळ्यांनी मिळून एक शब्द सांगितला. आपल्याकडे ही चर्चाच होत नाही.

अगदीच झाली नाही असंही नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, अभिनेते दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली, सोलापूरच्या प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांनी तिला वैचारिक बळ दिलं. मंडल आयोगानेच धर्म न पाहता मागास जाती मोजल्या होत्या. डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या मुस्लिम मागास जातींना ओबीसी सवलतींचा रस्ता सोपा केला. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार असे कितीतरी समाज ओबीसीत येतात, छप्परबंद विमुक्त जातींत येतात. रस्ता आहे. पण त्या रस्त्यावर चालायला जो कागद लागतो, त्यात आपण ‘मुसलमान’ लिहून बसलो. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तेव्हाच्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे कसं कळावं?

दोन शंका

पहिली शंका : जात सांगितली तर उम्मतमध्ये फूट पडेल. मी ही शंका हसण्यावारी नेत नाही. सूरह हुजुरातमध्ये कौमा आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपणा मिरवण्यासाठी नाहीत, असा स्पष्ट आशय आहे. पण त्याच आयतीत कबिले आहेत हेही मान्य केलेलं आहे. मशिदीत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो. रिश्त्याची बात निघाली की पहिला प्रश्न काय येतो? “बिरादरी कौनसी?” इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये भारतीय मुसलमानांतल्या जातींवर अभ्यासकांचे लेख एकत्र करून पुस्तक काढलं. त्यात दिसतं की दीन जात मानत नाही, पण समाज मानतो, आणि सोयरिकीत तर जास्तच मानतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही अशराफ, अजलाफ, अरजाल हे थर नोंदवले आहेत. जी भिंत आपण निकाहाच्या वेळी बांधतो, ती जनगणनेच्या वेळी नाहीच असं सांगणं, याला मी एकी म्हणणार नाही. भिंत पाडायची असेल तर आधी ती कुठे आहे ते दाखवावं लागेल.

दुसरी शंका : जाती सांगितल्या तर मुसलमानांची संख्या कमी दिसेल. हा निव्वळ गैरसमज आहे. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा. धर्मात इस्लाम आणि जातीत मोमीन सांगितल्याने मुसलमानांच्या आकड्यातला एकही माणूस कमी होत नाही. कमी होईल ती आपल्याबद्दलची अंधारी. २०१४ मध्ये राज्यात मुसलमानांना पाच टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने त्यातला फक्त शिक्षणाचा भाग चालू ठेवला आणि पुढे अध्यादेशच संपून गेला. सरकारसमोर बोलायचं तर आपल्यातले कोण किती मागे आहेत याचे आकडे लागतात.

एक तिसरी गोष्ट शंका नाही, सावधगिरी आहे. मोजणी ओळख नुसती टिपत नाही, ती घट्टही करते, हे १९०१ ने शिकवलं. उद्या प्रत्येक बिरादरीचा पुढारी आपापला आकडा घेऊन फिरेल. तेव्हा जात ही हक्काच्या कागदापुरती ठेवायची आणि दस्तरखानापर्यंत येऊ द्यायची नाही, हे भान आपल्याला घरातच ठेवावं लागेल.

भाषेचा रकाना विसरू नका

२०११ मध्ये मी प्रगणक होते. एका गल्लीत एका वयस्क खालांना मातृभाषा विचारली. त्या म्हणाल्या, “लिखो बेटा, मुसलमानी.” मी विचारलं, उर्दू लिहू का? त्या म्हणाल्या, “उर्दू तो पढ़े-लिखे बोलते. हम तो घर में ऐसाइच बोलते.” त्यांची बोली हिंदी, उर्दू आणि झाडीबोलीची छान खिचडी होती. शेवटी त्यांनी स्वतःच उर्दू सांगितलं.

२०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाखांवर होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे ७५ लाखांच्या थोडे वर. म्हणजे पन्नास लाखांहून जास्त मुसलमानांनी दुसरी भाषा सांगितली. मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती. यात चूक काहीच नाही. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, ते मराठी आमचीही आहे हे सांगण्यासाठीच. मी स्वतः घरी उर्दू बोलते, मराठीत लिहिते आणि दोन्ही माझ्या आहेत. मुद्दा एवढाच, की धर्मावरून भाषा ठरवू नका. घरात आईशी जी बोलता ती सांगा. उर्दू शाळांची गरज दाखवायला हा आकडा कामी येतो आणि मराठी बोलणारा मुसलमान किती आहे हे दाखवायलाही.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, आत्ताच घरातल्या बुजुर्गांना विचारा. दादा काय काम करायचे, त्यांना गावात काय म्हणायचे, नाना कुठले. जे उत्तर येईल ते लिहून ठेवा. खोटं काही जोडू नका. सय्यद नसाल तर सय्यद सांगू नका, आणि सवलतीसाठी नसलेली जातही सांगू नका. हलबा-कोष्ट्यांच्या घरातली वीस-पंचवीस वर्षांची घालमेल आठवा.

दुसरं, बिरादरीने एक नाव आणि एकच लिखाण ठरवावं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांहून जास्त जातिनावं निघाली. सरकारी याद्यांत ती ४९४ होती. एकच जात कुणी आडनाव म्हणून सांगितली, कुणी धंदा म्हणून, कुणी वेगळ्या स्पेलिंगने. ते आकडे शेवटी जाहीरच झाले नाहीत. आपल्यात कुणी पिंजारी, कुणी नदाफ, कुणी मन्सुरी, कुणी नुसतं शेख सांगेल, तर आपणही त्याच ढिगात जाऊ. शासनाच्या यादीत जे नाव आहे, ते पाहून तेच सांगा. आडनाव म्हणजे जात नव्हे.

तिसरं, प्रगणक तुमच्या वतीने काही ठरवू शकत नाही. तुम्ही सांगाल ते त्याने लिहायचं असतं. घाईत ‘मुसलमान ना? ठीक आहे’ म्हणून पुढे गेला तर थांबवा, पुन्हा विचारायला लावा. आणि ही नोंद गुप्त असते. जनगणना कायदा १९४८ प्रमाणे ती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे जनगणनेत जात सांगितली म्हणून प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यासाठी जुने कागद वेगळे शोधावेच लागतील : तहसीलची कोतवाल पंजी, बंदोबस्ताचे कागद, काका-आत्याचे शाळेचे दाखले. एकाच्या दाखल्यात नसेल तर दुसऱ्याच्या दाखल्यात सापडतं.

चौथं, पहिलीत मूल घालताना रकाना नीट भरा. चुकीचं लिहिलेलं नंतर दुरुस्त करायला किती चपला झिजतात, ते मी खिडकीच्या आतून पाहते.

त्या गादीवाल्या भाऊंना शेवटी कागद सापडला. त्यांच्या मोठ्या चुलत्याच्या जन्माची कोतवाल पंजीतली नोंद, त्यात बारीक अक्षरात ‘पिंजारा’. पण तोवर प्रवेशाची तारीख निघून गेली होती. मुलीने पूर्ण फी भरून प्रवेश घेतला, अर्धे पैसे उसने. आता धाकट्या मुलाची फाईल तयार आहे. ती दाखवायला ते परवा शाळेत आले होते. मुलगा सोबत होता. त्याला जात सांगायला लाज वाटत होती, नजर खाली. मी त्याला विचारलं, “मन्सूर हल्लाजमधल्या हल्लाजचा अर्थ माहीत आहे का?” त्याने मान हलवली, नाही. मी सांगितला. बापाला सुद्धा ते नवीन होतं. दोघे एकमेकांकडे पाहून हसले आणि मुलाने फॉर्ममध्ये स्वतःच्या हाताने लिहिलं : धर्म इस्लाम, जात पिंजारी, मातृभाषा उर्दू.